थांबलं की बरं होणारं दुखणं : जुनी फियाट, ताम्हिणीचा चढ आणि कारणाचा शोध

जुन्या फियाटचं एक दुखणं ज्यांच्या घरी ती गाडी होती त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मे महिन्यात कोकणातून परत येताना माणगाव, निजामपूर, विळे करत गाडी ताम्हिणी घाटाला लागते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत माथ्यावर येते. तिथे इंजिन आचके देऊन बंद पडतं, किंवा दरी बघायला म्हणून आपणच ते बंद करतो. मग सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. बॉनेट उघडून ठेवायचं, कुणीतरी पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, तोवर बाकीच्यांनी डबे उघडायचे. अर्ध्या तासाने गाडी पहिल्या सेल्फला सुरू! पुढे मुळशी धरणाच्या काठाने पौड, पिरंगुट, भूगाव करत चांदणी चौकापर्यंत एक तक्रार नाही.

आता प्रश्न असा : गाडी सुरू झाली ती फडक्यामुळे, की अर्ध्या तासामुळे?

तुम्ही पेट-नेटच्या तयारीत असाल, संशोधनाचा विषय शोधत असाल, तर हा प्रश्न किरकोळ समजू नका. ‘उपाय केला, गुण आला, म्हणजे कारण सापडलं’ हा तर्क आपल्या प्रयोगशाळांतही रोज चालतो. या गाडीच्या इतिहासात तो तर्क कुठे अडखळतो ते फार स्वच्छ दिसतं, म्हणून आज गाडीबद्दल लिहितोय.

एकच गाडी, चार दशकं

आधी थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला तिथे अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जुळवले जात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. इटलीत १९५३ मध्ये आलेली फियाट ११०० लवकरच इथेही बनू लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर, आणि इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पेट्रोलचा पंप.

त्याच १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे गाडीचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावं. मुंबईत १९२८ पासून गाड्या जुळवणारी जनरल मोटर्स आणि तिच्या जोडीला फोर्ड, दोघींनी गाशा गुंडाळला. मग मोटारगाडी म्हणजे मुख्यतः तीन नावं उरली : कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. परवाना राज, आयातीवर बंदी, गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. स्पर्धा नाही म्हटल्यावर इंजिन बदलण्याची निकड कुणाला? फियाट ११०० ची डिलाइट झाली, १९७४ च्या सुमारास प्रीमिअर पद्मिनी झाली; आतलं इंजिन मूळचं तेच राहिलं. उत्पादन थेट शतक संपताना थांबलं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ‘काळी-पिवळी पद्मिनी’ मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे गेली.

ग्राहकासाठी हा काळ तोट्याचा होता, यात वाद नाही. पण ज्ञानाच्या बाजूने बघा. एकच यंत्र, तेच भाग, चार दशकं, हजारो गाड्या, सगळ्या प्रकारचे रस्ते आणि ऋतू. एवढा मोठा आणि एकसारखा नमुना कुठल्या संशोधकाला सहज मिळतो? रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने आयुष्यभर तेच इंजिन उघडलं. आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री घडले ते यामुळे. फक्त एक गोष्ट झाली नाही : त्यांचं निदान फारसं कुणी लिहून ठेवलं नाही.

शब्दांत शिल्लक असलेला कारखाना

लिहून ठेवलं नसलं तरी मिस्त्रींच्या तोंडच्या शब्दांत बराच इतिहास आहे. जुन्या गाडीत ठिणगी ज्या क्रमाने वेगवेगळ्या सिलिंडरला वाटली जाते त्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे ‘डेल्को’ म्हणतात. हे नाव ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’च्या आद्याक्षरांचं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी ती काढली. त्यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन पद्धत १९१० च्या कॅडिलॅकवर आली आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर त्यांचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर. त्याआधी हँडल मारून गाडी सुरू करावी लागे. आपण ‘सेल्फ मारला’ म्हणतो त्यातला सेल्फ तोच.

इंजिनाच्या कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाला मिस्त्री ‘एसी पंप’ म्हणतात. त्याचा एअर कंडिशनशी काही संबंध नाही. एसी म्हणजे अल्बर्ट चँपियन. हा मूळचा फ्रेंच सायकलपटू अमेरिकेत गेला आणि जनरल मोटर्सच्या पाठबळावर फ्लिंट गावी स्पार्क प्लग बनवू लागला. त्याच्या आद्याक्षरांचा छाप पुढे पंपांवरही आला. डेल्को आणि एसी दोन्ही जनरल मोटर्सच्या गोटातल्या कंपन्या. जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला, पण गॅरेजमधली तिची नावं इटालियन गाडीच्या भागांनाही चिकटून राहिली.

हे दोन भाग लक्षात ठेवा, कारण आपले दोन मुख्य संशयित तेच आहेत. एक पेट्रोलच्या बाजूचा, दुसरा ठिणगीच्या.

एक लक्षण, पाच कारणं

‘तापल्यावर बंद पडते, थांबलं की सुरू होते’ या एका लक्षणामागे निदान पाच वेगवेगळी कारणं असू शकतात.

पहिलं, व्हेपर लॉक. घरगुती भाषेत ‘पेट्रोलची वाफ झाली’. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे त्याच्या मागच्या नळीत दाब कमी असतो; दाब कमी म्हणजे उकळणं आणखी सोपं. तापलेल्या नळीत वाफेचे बुडबुडे झाले, की पंप वाफच हलवत बसतो आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. ताम्हिणीचा माथा सुमारे ६०० मीटरवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम ७ टक्के कमी. त्यामुळे दोष उंचीवर ढकलू नका. खालच्या गिअरमधला लांब चढ आणि मे महिन्यातली हवा यांचा वाटा मोठा. शिवाय इंजिन बंद केलं की पाणी फिरणं आणि पंखा दोन्ही थांबतात, म्हणून बॉनेटखालचं तापमान पहिली काही मिनिटं उलट वाढतं. ‘चालत होती, बंद केली आणि मग सुरूच होईना’ याचं कारण हे.

दुसरं, याच्या बरोबर उलटं. तापलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतू जातं. पेट्रोल कमी पडत नाही, जास्त होतं. गाडी तरीही सुरू होत नाही, आणि जास्तीचं पेट्रोल उडून गेलं की होते. ॲक्सिलरेटर पंप करत राहिलं तर हा दोष वाढतो. पेडल पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला तर हवा जास्त जाते आणि सुटका होते.

तिसरं, टाकीच्या झाकणाचं भोक बुजणं. पेट्रोल संपेल तशी त्या जागी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. थांबलं की हळूहळू हवा शिरते, गाडी बरी होते. इथे उष्णतेचा काहीएक संबंध नाही!

चौथं, टाकीतला कचरा. चालताना तो ओढीबरोबर नळीच्या तोंडाशी येऊन बसतो, थांबल्यावर सुटून खाली जातो.

पाचवं, ठिणगीची बाजू : कॉइल किंवा कंडेन्सर. केटरिंगच्या पद्धतीत डेल्कोमधले पॉइंट मिटले की कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. उघडले की तो तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. पॉइंट उघडताना तिथेच चाप पेटून ऊर्जा वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर असतो. जुन्या कॉइलचं इन्सुलेशन किंवा कंडेन्सरची आतली जोडणी तापल्यावर दगा देते आणि थंड झाल्यावर पूर्ववत होते.

पाच कारणं, एक लक्षण, आणि ‘जरा थांबा’ हा उपाय पाचही ठिकाणी लागू पडतो. म्हणून थांबल्याने गाडी सुरू झाली यावरून या पाचांतलं कुठलं कारण होतं हे अजिबात कळत नाही. जो पुरावा सगळ्या शक्यतांना सारखाच जुळतो, तो शक्यतांमध्ये निवड करायला निरुपयोगी असतो.

याच रस्त्यावरची जुलैतली गोष्ट तुलनेला घ्या. ताम्हिणी हा राज्यातल्या अतिपावसाच्या भागांपैकी एक. पावसात डेल्कोच्या टोपणावर आणि प्लगच्या वायरींवर ओल बसते, वीज पृष्ठभागावरून भलतीकडे जाते आणि गाडी बंद पडते. इथे नुसतं थांबून सहसा काही होत नाही. टोपण काढून कोरडं पुसावं लागतं. म्हणजे ‘थांबल्यावर काय झालं’ ही माहिती मे आणि जुलै यांत फरक करते, पण मे महिन्यातल्या पाचांत करत नाही. कुठली नोंद कुठल्या दोन शक्यता वेगळ्या करते, हे प्रयोगाआधीच ठरवायचं असतं.

फडक्याची बाजू

ओल्या फडक्याची टिंगल करायची नाही. पाणी उडताना उष्णता घेतं, पंप थंड होतो, आतली वाफ पुन्हा द्रव होते. विज्ञान चोख आहे. पण पटणारं स्पष्टीकरण वेगळं आणि पुरावा वेगळा. फडकं टाकणारा माणूस थांबतोही. न टाकणाराही थांबतो. दोघांच्याही गाड्या सुरू होतात. फक्त पहिल्याकडे सांगायला एक उपाय असतो.

अमेरिकेत हेच काम कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे करत. पेट्रोलच्या नळीवर ओळीने चिमटे लावले की व्हेपर लॉक होत नाही अशी तिथल्या जुन्या गाडीवाल्यांची श्रद्धा. लाकूड उष्णतेचं मंदवाहक; ते नळीतून कितीशी उष्णता काढून घेणार? पण चिमटे लावायचे तर गाडी थांबवावी लागते, बॉनेट उघडावं लागतं. चिमट्यांना मिळालेलं श्रेय बहुधा त्या उघड्या बॉनेटचं होतं.

फडक्याची खरी परीक्षा घ्यायची तर तीच गाडी, तोच चढ, आणि आलटून पालटून : एकदा फडकं, एकदा नुसतं उघडं बॉनेट. दर वेळी ठरावीक मिनिटांनी सेल्फ मारून किती वेळात सुरू झाली ते लिहायचं. घरचे लोक डबे संपवून बसलेले असताना हे कोण करणार, हा भाग वेगळा.

थंड होण्याआधीची दहा मिनिटं

हुशार मिस्त्री काय करत? ते थांबायच्या आधी तपासत. दोष हजर असतानाच त्याला गाठायचं. गाडी बरी झाली की पुरावा गेला.

क्रमही शहाणपणाचा होता. आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर तिसरं कारण पकडलं गेलं. खर्च शून्य, दहा सेकंद. मग ठिणगी : एका प्लगची वायर काढून इन्सुलेशन असलेल्या पकडीने इंजिनाच्या धातूजवळ धरायची आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी आली तर पाचव्या कारणावरचा संशय बराच कमी होतो. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर पेट्रोलकडे बघायची इतक्यात गरज नाही. (हे करताना जवळपास पेट्रोल सांडलेलं नको, दोन्ही तपासण्या एकदम करू नयेत.) मग सेल्फ न मारता कार्बोरेटरच्या तोंडात बघून ॲक्सिलरेटर हलवायचा. पेट्रोलची धार दिसली तर कार्बोरेटर भरलेला आहे. दिसली नाही तर पेट्रोल तिथवर पोचत नाही. आत ओलं चिंब असेल, तर दुसरं कारण.

तीन तपासण्या, पाच मिनिटं. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि प्रत्येक तपासणी अशी, की उत्तर काहीही आलं तरी निदान एक संशयित बाद व्हावा. संशोधन पद्धतीच्या पेपरला आपण हेच जड शब्दांत पाठ करतो.

याउलट अनेक गॅरेजमध्ये काय व्हायचं? कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, पंपाचा पडदा, सगळं एकदम बदलायचं. गाडी चालायची, पैसे जायचे आणि कारण कायमचं गाडलं जायचं.

इतिहासानेही सगळं एकदम बदललं

आता सगळ्यात अवघड वळण. नव्या गाड्यांत हे दुखणं जवळजवळ नाहीसं झालं. मग गाड्यांच्या इतिहासातूनच कळेल ना, की मुख्य गुन्हेगार व्हेपर लॉक होता का?

१९८३ अखेर मारुती आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नवे निकष लागू झाले. ते पाळायला कार्बोरेटर अपुरा पडू लागला आणि इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो, तेही साधारण तीन बारच्या आसपासच्या दाबाने. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. व्हेपर लॉकची जागाच गेली. पण आपल्याकडे त्याच सुमाराला पॉइंट आणि कंडेन्सरही गेले, ठिणगी इलेक्ट्रॉनिक झाली. पेट्रोलची बाजू आणि ठिणगीची बाजू एकाच पिढीत बदलली. म्हणजे दुखणं गेलं ते कशामुळे, हे आपल्या इतिहासावरून सांगता येत नाही. पार्ट एकदम बदलणाऱ्या गॅरेजवाल्याने जे केलं, तेच इथे साऱ्या उद्योगाने केलं!

अशा वेळी दुसरीकडे बघावं लागतं, जिथे हे दोन बदल वेगवेगळ्या वेळी झाले. अमेरिकेत क्रायस्लरने १९७३ पासून आपल्या गाड्यांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिलं, पण कार्बोरेटर पुढे बरीच वर्षं राहिले. पॉइंट-कंडेन्सर गेले, कार्बोरेटर शिल्लक, आणि व्हेपर लॉकच्या तक्रारी तिथे १९८० च्या दशकातही होत्या. म्हणजे पेट्रोलची बाजू एकटीसुद्धा हे दुखणं घडवू शकते, हे नक्की. ताम्हिणीच्या माथ्यावरच्या अमुक एका फियाटमध्ये तिनेच घडवलं का, हे मात्र त्यावरून ठरत नाही. ‘घडू शकतं’ आणि ‘घडलं’ यांतलं अंतर शोधनिबंधात लपवण्याचा मोह फार होतो. लपवू नका.

नवा संशयित

हा विषय जुना झालेला नाही. ५ जून २०२१ रोजी शंभर टक्के इथेनॉलच्या पंपांचा प्रायोगिक प्रकल्प पुण्यातच सुरू झाला, आणि २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. आता हौसेने जपलेली पद्मिनी मुळशीच्या रस्त्यावर बंद पडली, की पहिलं वाक्य येतं : ‘ई२० मुळे!’

संशय निराधार नाही. इथेनॉल पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, ३७.८ अंशांवर मोजायची ‘रीड बाष्पदाब’ ही चाचणी त्यासाठीच वापरतात. ही वाढ १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते, पुढे थोडी उतरते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, हेही खरं. पण ज्या वर्षांत इंधन बदललं त्याच वर्षांत ती गाडीही म्हातारी झाली, तिची कॉइलही, आणि तिला ओळखणारा मिस्त्रीही निवृत्त झाला. पुन्हा तेच : सगळं एकदम बदललं.

म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल, तर एक वही ठेवा. तारीख, हवेचं तापमान, कुठल्या चढानंतर बंद पडली, पेट्रोल कुठल्या पंपाचं; झाकण उघडल्यावर आवाज आला का, ठिणगीचा रंग कोणता, कार्बोरेटरमध्ये धार दिसली का; आणि मग, सगळ्यात शेवटी, किती मिनिटांनी सुरू झाली. चार दशकांच्या हजारो गाड्यांमागे अशा वह्या राहिल्या नाहीत. उरलेल्या थोड्या गाड्यांबाबत तरी त्या राहिल्या, तर ई२० चा वाद निदान काही ठिकाणी नोंदींवर होईल, आठवणींवर नव्हे.